राखाडी पट्टी

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

काल रोडवर लटारूभाऊ गेले, घोडीसकट. वरात लावून परत येत होते, मागून कोळशाचा ट्रक आला. हे मातीला जाऊन आले आणि अंगणात गुड्डीच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. चहा थंड झाला. तोच परत गरम करून दिला.

गुड्डी म्हणजे आमची घोडी. पांढरी आहे म्हणून लग्नवाले मागतात. आता घुग्घुसात वरातीची घोडी आमची एकच उरली. नवरदेवाला उतरवलं की हे तिच्यावर बसून घरी येतात, आणि रस्ता तोच, ट्रकांचा. इतकी वर्षं माझ्या मनात काही आलं नव्हतं. आज दुपारपासून दुसरं काही येत नाही. जोहरच्या, दुपारच्या नमाजीत रकात मोजताना चुकले.

हिशोबाची वही वेगळी आहे. तिच्यात आवक-जावक मावते, भीती मावत नाही. म्हणून ही. घरात आमची हिंदी-मराठीची खिचडी चालते, पण दहावी मराठी शाळेतून झाले, हात मराठीच लिहितो.

२४ नोव्हेंबर, रविवार

जुबेर आला. ह्यांच्या मोठ्या भावाचा मुलगा. खदानीत ठेकेदाराकडे आहे, कामगारांना टोपी घाला, बूट घाला असं दिवसभर सांगायचं, हीच त्याची नोकरी. पिशवीतून जॅकेट काढलं. बिनबाह्यांचं, कच्च्या लिंबाच्या रंगाचं, छातीला आणि पाठीला राखाडी पट्ट्या.

“चाचा, आतापासून हे घालूनच घोडीवर बसाचं.”

“काऊन? मी काय नगरपरिषदेचा झाडूवाला हाय?”

“झाडूवाला रोज घरी वापस येते, चाचा.”

ह्यांनी जॅकेट घेऊन उलटसुलट पाहिलं. मी मात्र जॅकेटला हात लावण्याआधी विचारलं, कंपनीचं आहे का? तसलं असेल तर घरात नको, अंगावर तर नकोच.

“माझंच हाय चाची. मले नवीन भेटलं.”

“कसम खा.”

“खाल्ली.”

“मनात नाही, तोंडाने.”

हसत हसत खाल्ली. मग घेतलं. जाताना म्हणाला, “त्या पट्टीवर गाडीचा लाईट पडू द्या, मंग पाहा. फर्लांगभरावरून डायवरले दिसते.” मी पट्टी बोटाने चोळून पाहिली. चुलीतल्या राखेसारखी. जुबेर पहिल्यापासून बढाईखोर आहे, पण मनाचा चांगला.

१ डिसेंबर, रविवार

वरातीहून हे जॅकेट बगलेत धरून आले, अंगावर नाही.

“शमसू, हे ठेवून दे. मी नाई घालत.”

वरातीतल्या पोरांनी मांडवात धिंगाणा केला म्हणे. “ओ मियाभाई, घोडी खदानीतून काढून आणली का?” दुसरा म्हणाला, “थांबा रे, चाचा आधी रोड झाडतीन, मंग नवरदेव चढीन.” नवरदेवसुद्धा हसला. परत येताना चौकात पानठेल्यावरचे ओरडले, “ट्राफिकवाले, आमची पावती फाडा!” ह्यांच्या अब्बांनी घोडीवर बसून जमीनदारांच्या वराती लावल्या. हे फेटा बांधून बसतात तेव्हा नवरदेवापेक्षा रुबाबदार दिसतात, हे मी कोणापाशी बोलले नाही, इथे लिहिते.

मी म्हटलं, “लटारूभाऊले कोणी हसत नव्हतं.”

“तो मेला, शमसू. पण इज्जतीनं मेला.”

रात्री जेवले नाहीत. भाजी सकाळी भाकरीसोबत संपवली.

३ डिसेंबर, मंगळवार

रोडच्या काळ्या धुळीने गुड्डी घरी येते तेव्हा पांढरी राहत नाही. प्रत्येक वेळी साबण, बादल्यांवर बादल्या पाणी. माझ्या दोन जुन्या बुरख्यांची झूल शिवली, मानेपासून गुडघ्यापर्यंत. वरातीतून निघाल्यावर तिच्यावर टाकायची. काळ्यावर मळ दिसत नाही. हे खूश झाले. निदान एक गोष्ट पसंत पडली.

जॅकेटही सोड्यात उकळून स्वच्छ केलं. संध्याकाळी अंगणात दोरीवर टाकलं, वर बल्ब लावला आणि स्वयंपाकघराच्या दारातून नीट पाहिलं. राखाडी पट्टी मेलेली. काही म्हणजे काही चमकत नाही. मग पेटीतली माझ्या निकाहची ओढणी काढून शेजारी टाकली. तिची चंदेरी गोटाकिनार, तीस वर्षांची, अशी लखलखली की डोळे दिपले. वारा आला की जास्तच. मेणबत्ती लावून पाहिलं, तेच. मी कोणाच्या सांगण्यावर जात नाही, स्वतः पाहून ठरवते.

जे चमकत नाही ते कशाला ठेवायचं? आणि जे चमकतं ते पेटीत कोणासाठी?

५ डिसेंबर, गुरुवार

राखाडी पट्ट्या ब्लेडने उसवल्या. शिलाई पक्की होती, अंगठा कापला. त्यांच्या जागी ओढणीच्या एका बाजूची किनार लावली, दुहेरी टाका. पाठीवर ठेकेदाराचं नाव होतं त्यावर उरलेल्या किनारीचा चांद शिवला. प्रत्येक टाक्याला आयतुल कुर्सी, हिफाजतीची आयत, म्हटली. कापताना ओढणीकडे बघवत नव्हतं, पण ह्यांच्या जिवापुढे ओढणी काय.

उसवलेली पट्टी मजबूत होती, टाकवेना. अंगणातल्या न्हाणीला पोत्याचा पडदा आहे, त्याच्या कडा फाटत चालल्या होत्या. चारी बाजूंनी ती पट्टी शिवली. आता पावसाळे निघतील.

६ डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याहून आल्यावर ह्यांच्या अंगावर चढवलं. आरशापुढे उभे राहिले. मग इकडून वळून पाहिलं, तिकडून वळून पाहिलं.

“शमसू, हे तर शेरवानीवाणी दिसते.”

“मग घालाल ना?”

“झोपतानी बी घालतो.”

गुड्डीवर बसून गल्लीत एक फेरी मारून आले. शेजारची रुखमाबाई म्हणाली, “बाबूभाई, दुसरं लगीन करता का जी?” हे लाजले. तीस वर्षांत पहिल्यांदा लाजलेले पाहिले. शुक्रान्याच्या दोन रकात पढले.

१२ डिसेंबर, गुरुवार

जॅकेटची तारीफ होते आहे. परवाच्या नवरीच्या बापाने विचारलं, कुठून शिवलं. हे म्हणाले, “घरून.”

पण एक गोष्ट मला खुपते. लटारूभाऊ गेल्यापासून हे संध्याकाळ झाली की निघत नाहीत. नवरीच्या गावातच मांडवात तणसावर झोपतात, उजाडल्यावर येतात. परक्याची गोधडी, परक्याचा चहा, आणि घरी आणतात तो खोकला. गुड्डीलाही नीट चारा नाही. आज बोलले.

“आता कशाले तिकडे झोपता? घर नाही का?”

“अंधारात ट्रकवाल्याले दिसत नाई, शमसू.”

“मग मी जॅकेट कशाले शिवलं?”

डोकं खाजवलं. मग म्हणाले, “हे बी खरं हाय.”

१४ डिसेंबर, शनिवार

काल वरात लावून सात वाजता घरी आले. खोकला नाही, अंगाला दुसऱ्याच्या घराचा वास नाही. गरम जेवले. आता महिनाभर लग्नं बंद. ह्यांनी जॅकेट पेटीत माझ्या उरलेल्या ओढणीजवळ घडी करून ठेवलं. पुरुषाने स्वतः घडी केली.

अजीमला फोनवर सांगितलं. आमचा एकच मुलगा, चंद्रपूरला गॅरेजात राहतो. म्हणाला, “अम्मी, अब्बाचा फोटो पाठव.” माझ्या बटनवाल्या फोनने कसा पाठवणार?

१९ जानेवारी २०२५, रविवार

लग्नं सुरू झाली. काल धुकं होतं, त्यात सिमेंटच्या कारखान्याची धूळ. हे म्हणाले, “आज तिकडेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. एक ट्रक अगदी घासून गेला.” मी म्हटलं, घासून गेला म्हणजे त्याने पाहिलं आणि वाचवलं. नाहीतर घासून कशाला, वरूनच गेला असता. ह्यांना पटलं.

जुबेर महिनाभर आला नाही. त्याला किनार दाखवायची आहे.

२२ जानेवारी, बुधवार

मगरिब होऊन अंधार पडला. गुड्डी आली. एकटीच. पाठीवर झूल नाही, मागचा पाय रक्ताने लाल. मी आधी तिलाच रागावले.

२७ जानेवारी, सोमवार

आज वही उघडली. लिहिते.

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी दुपारनंतर ह्यांना ताब्यात दिलं. अजीम सह्या करत फिरत होता. जुबेर माझ्याजवळ बाकावर होता. शिपायाने ह्यांच्या कपड्यांचं गाठोडं आणून पंचनाम्यासाठी उघडलं. जॅकेट वरच होतं. किनार एका ठिकाणी निघाली होती, चांद तसाच होता. जुबेरने वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“चाची, हे कोणी केलं?”

“मी. सुंदर झालं होतं ना रे?”

“पट्टी कुठी हाय?”

“न्हाणीच्या पडद्याले लावली. वाया नाही घालवली.”

त्याने किनारीवरून बोट फिरवलं. मग उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चाचावर त्याचा जीव होता. त्याचं रडणं पाहून मलाही रडू आलं.

मयत गाडीत मागे, अजीम मयतीजवळ. जुबेर गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, तस्बीहचे मणी मोजत. अंधार पडत आला होता. गाडी अंगणात वळली आणि समोर एकदम पांढरा उजेड उभा राहिला. दारासारखा. चौकोनी, चारी कडा पेटलेल्या, मध्ये अंधार. मी सुभानल्लाह म्हटलं. असा उजेड मी जन्मात पाहिला नाही. जुबेरच्या हातातून स्टेअरिंग सुटलं. गाडी शेजारच्या रुखमाबाईच्या तुळशीच्या कुंडीवर, तिच्या ओट्याला लागून थांबली, आणि त्याने झटकन लाईट बंद केले. उजेडही गेला.

“लाईट बंद काऊन केला रे? तुलाही दिसलं ना?”

“मले काई नाई दिसलं, चाची.”

खोटं बोलत होता. हात लाईटच्या बटनावरच होता. ते नूर होतं, ह्यांच्यासाठी उघडलेला दरवाजा. मी तेव्हापासून तेच धरून बसले आहे. ज्याच्या मयतीला असा उजेड येतो त्याची काळजी कशाला करायची.

३० जानेवारी, गुरुवार

न्हाणीचा पडदा नाहीसा झाला. रुखमाबाई म्हणाली, मातीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जुबेर गोठ्यामागे काहीतरी जाळत होता, रबर जळल्यासारखा वास आला. मयतीच्या घरातलं धडधाकट पोतं कोणी जाळतं का? मुलाचं डोकं ठिकाणावर नाही. न्हाणीला सध्या चादर बांधली आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इद्दतीमुळे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, मी बाहेर जात नाही, म्हणून हवालदार घरी आला. ट्रकवाल्याचं नाव बिरजू. परमुलखातला, लहान वयाचा. त्याच दिवशी लोकांनी त्याला गाडीतून ओढून मारलं, उजवा हात मोडला. ऐकून मला बरं वाटलं. लिहिते, लपवत नाही. अल्लाहपासून काय लपणार.

हवालदार म्हणाला, “तो एकच धरून बसला आहे बाई. म्हणते, लाईट चालू होते, समोर काळंच होतं, काई म्हणजे काई दिसलं नाई.”

मी कुराण शरीफ आणलं. त्यावर हात ठेवून सांगितलं की माझे शौहर चकाकणारं जॅकेट घालून होते, मी स्वतः शिवलं, बल्बखाली तपासलं, एखाद्या दुल्ह्यासारखे चमकत होते, आंधळ्यालाही दिसले असते. हवालदाराने शब्द न् शब्द लिहिला. म्हणाला, “बस. आता तो सुटत नाई.”

९ फेब्रुवारी, रविवार

जुबेर आला. बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, “चाची, बयान बदलव. एवढंच म्हण का, काय घातलं होतं मले माहीत नाई.”

“काऊन? माझ्या हातचं मला माहीत नाही?”

“त्या बिरजूचं लेकरू लहान हाय.”

“माझा नवरा मोठा होता म्हणून मेला तर चालते?”

“तसं नाई, चाची…”

“तू कोणाचा? चाचाचा का ट्रकवाल्याचा? किती दिले त्याने तुले?”

तो माझ्याकडे बघत राहिला. असं, जसं कोणी विहिरीत वाकून बघतं. वाटलं आता काहीतरी बोलेल.

“सांग ना, काय आहे ते.”

“काई नाई,” म्हणाला. “तुम्ही सबर करा.” आणि गेला. दारात चप्पल उलटी घातली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज शबे-बरात. सकाळपासून हलवा केला. सगळ्यांची माफी मागायची, सगळ्यांना माफ करायचं, तो दिवस.

दुपारी एक बाई दारात. रीता, बिरजूची बायको. कडेवर पोर. कोणी सांगितलं असेल की आज आमच्यात माफी करतात. उंबऱ्याबाहेरच बसली. हिंदीत बोलली, मी माझ्या बोलीत लिहिते.

“माँजी, तो दारू पीत नाई. खरंच सांगते. म्हणते का, लाईटात घोडा बी नाई दिसला, मानूस बी नाई. जमानतीवर हाय, झोपीत ओरडते तो, काळं काळं म्हणून.”

“घोडी पांढरी आहे माझी,” मी म्हटलं. “जा, बघ गोठ्यात. पांढरी आहे का नाही?”

ती बघून आली. पुन्हा उंबऱ्याबाहेर बसली. पोर हलव्याच्या ताटाकडे हात करत होतं. मी ताट उचलून आत नेलं आणि दार लावलं. बराच वेळ बाहेर बसली होती, मग चपला वाजल्या.

रात्री सगळ्यांना माफ केलं. लटारूभाऊंच्या ट्रकवाल्यालासुद्धा केलं. ह्या एकाला नाही. जो पाहून मारतो आणि दिसलं नाही म्हणतो, त्याला माफ केलं तर ह्यांना मी काय तोंड दाखवू?

२० फेब्रुवारी, गुरुवार

अजीमने गॅरेज सोडलं. म्हणतो, घोडी अब्बाची, आता मी लावणार वराती. गुड्डीचा पाय बरा आहे. रमजान लागायच्या आधी चार-दोन लग्नं आहेत. मी नाही म्हणू शकले नाही. पण भीती पुन्हा तशीच. नवरा दिला. हे एकच पोर आहे माझ्याजवळ.

झूल नवी शिवली. तिसरा बुरखा होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जुबेर नवीन जॅकेट घेऊन आला. मला ओलांडून अजीमच्या हातात दिलं.

“हे असंच घालाचं. काई लावाचं नाई, काई काढाचं नाई. चाचीले धुवाले पण नको देऊ.”

“काऊन?” अजीमने विचारलं.

जुबेरने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तांदूळ निवडत होते.

“बस, म्हणलं ना,” म्हणाला आणि निघून गेला. त्याची बदली झाली म्हणे, सूरजागडला. आता लवकर येणार नाही.

वाईट वाटलं. माझ्या हाताच्या कामाचा त्याला एवढा राग का यावा?

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अजीम जॅकेट घेऊन माझ्याजवळ आला. “अम्मी, जुबेरभाई मले रोडवालाच बनवते. पोट्टे हासतीन. अब्बाचं होतं तसं करून दे ना.” मग खाली मान घालून म्हणाला, “घातलं का वाटलं पाहिजे, अब्बा पाठीशी हाय.”

ह्यावर कोणती आई नाही म्हणेल?

ब्लेड काढलं. ह्या वेळी अंगठा सांभाळला. राखाडी पट्ट्या पूर्ण उसवून झाल्या, गुंडाळी करून ठेवल्या, न्हाणीला नवा पडदा शिवायचाच आहे. परवा वरात आहे. अजीमला बजावलं आहे की कितीही अंधार पडो, परक्या गावी झोपायचं नाही, घरी यायचं.

पेटीतून ओढणी काढली. इद्दतीत मला किनार घालायची नाही, नंतर तरी कोणासाठी घालू? पहिल्यांदा एकाच बाजूची कापली होती, दुसरीला तेव्हा कात्री का लागली नाही ते मला समजलं नव्हतं. आज समजलं. अल्लाहने ती अजीमसाठी राखली होती.